वहिनींचं शनिवारचं ताट

माझ्या वहिनी सगळ्या बाजाराच्या वहिनी होत्या. त्यांच्या हातगाडीपुढे उभं राहून "वहिनी, एक ताट लावा" म्हणणाऱ्यांत हमाल होते, कचेरीतले साहेब होते, त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे म्हातारेसुद्धा होते. पण सख्खा दीर मी एकटाच, आणि हे मी कुणाला विसरू दिलं नाही. रांगेत उभं राहणं माझ्या शानेला शोभायचं नाही. गाडीच्या मागून जायचं, तव्यावरचा पहिला तुकडा उचलायचा. त्या उलथनं उगारायच्या, "भाऊजी, बोटं भाजतील!" मी म्हणायचो, भाजू देत, तुमच्या हातचं खाऊन भाजली तर भाजली. तेव्हा फार विनोदी वाटायचं मला हे.

दादा गेला तेव्हा वहिनी तिशीच्या आसपास होत्या. मूलबाळ नाही. मी आणि माझ्या बायकोनं आमच्या घरातली मागची खोली त्यांना देऊ केली. त्या म्हणाल्या, "भाऊजी, कोपऱ्यात ठेवायला मी काय झाडू आहे?" आणि पंधरा दिवसांत कुठूनशी एक हातगाडी आणून बाजाराच्या तोंडाशी उभी केली.

त्या गाडीवर लोक नाक मुरडतील ते सगळं मिळायचं. जीभ, काळीज, आतडी, माशांची डोकी, गोगलगायी, हंगामात कुरकुरीत तळलेले टोळ. पहिल्यांदा आलेला माणूस दोन पावलं मागे सरकायचा, आणि महिन्याभरात त्याच जागी उभा राहून बोटं चाटायचा. पण वहिनींचं खरं काम शिंपल्यांचं. एक शिंपला दुसऱ्यावर टकटक आपटायचा आणि कानाशी धरायचा. आवाज भरीव आला तर जिवंत, पोकळ आला तर बादलीत. मग तो नाकाशी न्यायचा, एक क्षण डोळे मिटायचे आणि मगच तव्यावर. शंभर असोत की दोनशे, एकही या दोन चाचण्यांशिवाय सुटायचा नाही. मागे रांग वळवळायची, पण त्या ढिम्म. "घाई असेल त्यानं उकडलेला बटाटा खावा," असं ऐकवायच्या. त्यांच्या नाकावर माझा देवापेक्षा जास्त विश्वास होता. एकदा कसायाच्या उंबऱ्यावरूनच त्या माघारी फिरल्या. "परवाचं आहे," एवढंच म्हणाल्या. कसाई शपथांवर शपथा घेत राहिला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच बायकोनं मान्य केलं की परवाचंच होतं.

पुढे रस्ता रुंद करायचा निघाला आणि गाड्या उठवल्या. वहिनी घरी बसल्या. तीन महिन्यांत त्या एवढ्या उतरल्या की माझ्या बायकोनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "अहो, जाऊबाईंना काहीतरी काम शोधा. नाहीतर त्या हाय खाऊन मरतील."

मी लिफ्ट दुरुस्तीचा माणूस. शहरातल्या निम्म्या जुन्या लिफ्टा माझ्या ओळखीच्या आहेत. त्यांतली एक कापडाच्या बंद गोदामातली. मालक परगावी, गोदामात कुत्रं फिरकत नाही, पण माल चढवायची लिफ्ट गंजू नये म्हणून किल्ल्या माझ्याकडे. खाली मोठं तळघर, कोरडं, पाण्याचा नळ असलेलं, आणि धूर जायला जुना झरोका. मी वहिनींना खाली नेलं. त्यांनी चारी भिंतींना हात लावून पाहिलं. म्हणाल्या, "इथं चूल लावली तर वर कुणाला कळणार नाही." मी म्हटलं, "तेच तर!"

अशी आमची रविवारची पंगत सुरू झाली. दुपारी एक वाजता, बारा खुर्च्या, बाराच माणसं. पाटी नाही, परवाना नाही. मंडळी एकेकटी यायची, मी त्यांना सहा-सहा करून लिफ्टमधून खाली सोडायचो. जाळीचं दार खडखडत बंद व्हायचं, उजेड वर राहायचा, आणि खालून धुराचा नि मसाल्याचा वास यायचा. एकेकाचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा तेव्हा! नियम दोन, दोन्ही मीच केलेले. बाहेर कुठंही, कुणाजवळही ब्र काढायचा नाही. आणि ताट रिकामं होईपर्यंत ताटात काय आहे ते विचारायचं नाही. दुसऱ्या नियमावर तर लोक खूश होते. आपल्या पोटात काय गेलं हे शेवटी कळून किंचाळण्यासाठीच निम्मे यायचे. बारा खुर्च्यांसाठी लोक माझ्या हातापाया पडायला लागले. मी, ज्याला आयुष्यभर लोकांनी फक्त लिफ्ट अडकल्यावर हाक मारली, तो एकदम मोठा माणूस झालो. ती चटक वाईट असते.

दोन वर्षांपूर्वी वहिनींना मोठा ताप आला. आठ दिवस पडून होत्या. उठल्या आणि पुन्हा चुलीशी लागल्या. मला काही कळलं नाही.

कळलं ते एका शनिवारी. लिफ्टच्या दाराला तेल द्यायला दुपारी गोदामात गेलो तर अशी दुर्गंधी की डोळ्यांत पाणी आलं. लिफ्टच्या खड्ड्यात उंदीर मरून फुगला होता, बहुतेक चार-पाच दिवसांचा. नाकाला रुमाल बांधून खाली उतरलो, तर वहिनी त्या खड्ड्यापासून दहा पावलांवर बसून जेवत होत्या. पुढ्यात भरगच्च ताट, दुसऱ्या दिवशीच्या पंगतीचं सगळं त्यात. शेजारी गजराचं घड्याळ. अगदी शांतपणे घास घेत होत्या.

"वहिनी, अहो, या वासात जेवताय?"

त्यांनी वर पाहिलं. "कसला वास?"

मी रुमाल काढून त्यांच्याकडे बघत राहिलो. त्यांना कळून चुकलं. ताट बाजूला सारलं नाही त्यांनी, हातातला घास पुरा केला, आणि मग म्हणाल्या, "तापात गेलं, भाऊजी. नाकही आणि जीभही. मीठ तेवढं थोडं कळतं."

"मग रांधता कशा?"

"हाताला माहीत आहे की. वीस वर्षं केलंय."

"आणि हे ताट?"

"पंगतीच्या आदल्या दिवशी एक ताट मी खाते. प्रत्येक जिन्नस, प्रत्येक टोपलीतला. मग अंधार पडेपर्यंत इथं बसते. काही झालं नाही तर उद्या तुमची माणसं जेवतात." घड्याळ त्यांनी माझ्याकडे वळवलं. "आज दीडला खाल्लंय."

दीड वर्ष! दर शनिवारी ही बाई या तळघरात एकटी बसून, आपण मरतोय का याची वाट बघत होती, आणि दर रविवारी मी मिशीला पीळ देत लिफ्टचं दार उघडत होतो.

मी ओरडलो. बंद करा हे, म्हणालो. वेड लागलंय का, म्हणालो. त्यांनी मला ओरडू दिलं. मग म्हणाल्या, "बंद करून जाऊ कुठं? तुमच्या मागच्या खोलीत? चूल सुटली की मी कोण उरते ते सांगा, लगेच बंद करते." "कुणाला सांगणार नाही म्हणा," त्या म्हणाल्या, आणि मी म्हटलं. खरं सांगतो, त्यांची दया येऊन म्हटलं असं मी पुष्कळ दिवस स्वतःला समजावलं. पण त्या बारा खुर्च्या मलाही सोडवत नव्हत्या. उंदीर काढला, खड्डा धुतला आणि मूग गिळून बसलो. बायकोलासुद्धा सांगितलं नाही.

तेव्हापासून प्रत्येक रविवार माझ्या अंगावर यायचा. कुणी खोकलं की मी पाणी घेऊन धावायचो. कुणी पोटावर हात फिरवला की मी घड्याळ बघायचो. वहिनी मात्र निश्चिंत. आपण काल खाल्लंय, आपल्याला काही झालं नाही, मग यांना का होईल? हळूहळू मलाही त्या ताटाचा आधार वाटायला लागला. शनिवारी संध्याकाळी फोन करायचो, "वहिनी?" पलीकडून "आहे अजून" असं यायचं, आणि मी निर्धास्त झोपायचो. माणूस कशालाही सरावतो हो.

माझी बायको या सगळ्यापासून लांब. तयार कपड्यांच्या दुकानात ती गिऱ्हाइकाच्या मापाला कपडे आत-बाहेर शिवून द्यायचं काम करते, आणि जेवणातही तिला सगळं मापातलं लागतं. वीस वर्षं मी तिला चिडवलं. गोगलगाय नको, जीभ नको, मगज नको, मग संसार केलास कसा माझ्याशी? ती म्हणायची, "मला तुम्हाला चावून खावं लागत नाही ना, म्हणून." जाऊबाईंवर तिचा जीव, पण पंगतीला एकदाही आली नाही.

माझी पन्नाशी यंदा रविवारी येत होती. शुक्रवारी संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालता घालता ती म्हणाली, "तुमच्या वाढदिवसाला काय देऊ सुचत नाही. मी येते पंगतीला. जे वाढाल ते खाईन, तोंड वाकडं करणार नाही." मी तिला उचलूनच घेतलं. पन्नाशीचा माणूस, कंबर धरली माझी.

वहिनींना सांगितलं तर त्याही हसल्या. "अगंबाई! उगवला का दिवस! पण भाऊजी, शिंपले बारा जणांच्या मापाचे आलेत. तिला दोन-तीनच देईन, जीभ जास्त वाढेन."

हे मला खुपलं. वीस वर्षांनी बायको येतेय, आणि वहिनींचं सगळ्यात नावाजलेलं तेच तिला दोन-तीन? रविवारी सकाळी मी एकटाच मासळीबाजारात गेलो. आमचा नेहमीचा शिंपलेवाला आला नव्हता. अगदी टोकाला एक अनोळखी माणूस बादली घेऊन बसला होता, आणि बादलीत तळहाताएवढाले शिंपले! कुठले विचारलं तर त्यानं हातानं समुद्राकडे कुठंतरी दाखवलं. म्हणाला, "पलीकडच्या खडकांतले. तिकडं कुणी जात नाही." का जात नाही, हे विचारायला हवं होतं. मी पिशवी पुढे केली.

वहिनी लिंबं आणायला वर गेल्या होत्या. त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी हातसुद्धा लावला नसता, कारण त्या शिंपल्यांचा शनिवार झाला नव्हता. म्हणून नाही सांगितलं. पाण्याच्या टबात त्यांचे शिंपले होते, त्यांत माझे ओतले आणि वर ओलं पोतं टाकलं. चोरासारखा.

त्या परत आल्या आणि टकटक करायला बसल्या. एक मोठा हातात आला तशा थांबल्या. "भाऊजी, हे एवढे कुठले?"

"टोपलीच्या तळाला असतील."

"काल दिसले नाहीत."

"वरवर बघितलं असेल तुम्ही."

त्यांनी तो कानाशी वाजवला. भरीव. सवयीनं नाकाशी नेला, मग स्वतःशीच हसून माझ्यापुढे धरला. "तुम्ही बघा." मी हुंगला. समुद्राचा वास, दुसरं काही नाही. "ताजा आहे," मी म्हणालो. त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग "तुम्ही म्हणताय म्हणजे असेल," म्हणून त्यांनी तो तव्यावर ठेवला.

एक वाजता मंडळी उतरली. बायको दुसऱ्या फेरीत आली, ठेवणीतली साडी नेसून. लिफ्ट खाली जाताना तिनं माझ्या दंडाला घट्ट धरलं होतं. "अहो, हे दार उघडतं ना नीट?" मी म्हटलं, माझ्या हातची लिफ्ट आहे, बाईसाहेब. तेराव्या माणसासाठी मी स्टूल मांडलं होतं. तिच्या ताटात मी स्वतः वाढलं, निवडून निवडून, सगळ्यांत मोठे सहा.

तिनं नियम पाळला, काही विचारलं नाही. पहिला शिंपला डोळे मिटून गिळला. मग एक डोळा उघडला. मग दुसरा खाल्ला. "अहो," ती हळूच म्हणाली, "चांगलं आहे की हो!" त्या वेळी मला झालेला आनंद मी आता कुणाला सांगू शकत नाही.

अर्धा तास झाला असेल. दाताचे डॉक्टर आमचे जुने पंगतकर, त्यांनी ओठांवर बोटं आपटून पाहिली आणि मोठ्यानं म्हणाले, "वा वहिनी! मी जन्मभर लोकांचे ओठ बधिर केले, आज तुम्ही माझे केलेत! कुठला मसाला हा?" सगळे हसले. आणखी एक-दोघं म्हणाली, हो हो, आमच्याही ओठांना मुंग्या येतायत. कुणी टाळी वाजवली, आणि सगळं तळघर टाळ्या वाजवायला लागलं. आमची माणसंच तशी. दुसरीकडे कुठं ओठ बधिर झाले असते तर लोक घाबरून उठले असते. आमच्याकडे त्याला दाद मिळाली.

वहिनी चुलीशी उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत. "मी असा काही मसाला घातलेला नाही," त्या म्हणाल्या. पण टाळ्यांत ते मला एकट्यालाच ऐकू आलं.

मी बायकोकडे वळलो. तिच्या ताटात सहा रिकामी कवचं नीट एकात एक लावून ठेवलेली होती. ती स्वतःच्या हाताकडे बघत होती. "अहो," ती म्हणाली, "माझी जीभ जड..." पुढचं बोलता आलं नाही. उठायला गेली आणि पाय तिच्याखालून निघून गेले.

त्या लिफ्टला वर यायला चाळीस सेकंद लागतात. मी कित्येकदा मोजलेत. त्या दिवशी बायकोचं डोकं मांडीवर घेऊन मी ती चाळीस सेकंद बसलो. वर आल्यावर दाताचे डॉक्टर म्हणाले, "काहीतरी सोसलं नसेल, मोठ्या दवाखान्यात न्या," आणि माझ्या कानाशी लागून, "आमचं नाव मात्र नको हं." बाकीची मंडळी तोपर्यंत मागच्या गल्लीनं पांगली होती. वहिनी म्हणाल्या, "तुम्ही निघा, मी चूल विझवून मागोमाग येते." मी रस्त्यावर आडवा होऊन टॅक्सी थांबवली.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. बायकोला खाटेवर घेतलं तेव्हा तिचे डोळे अर्धवट मिटलेले, हात लोंबते, श्वास उथळ. डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "काय खाल्लं यांनी?"

आता ऐका मी काय केलं ते. माझ्या डोळ्यांपुढे एका क्षणात सगळं आलं. पोलीस येतील, गोदामाचा मालक येईल, वहिनींचं नाक बाहेर पडेल, आणि त्या बादलीचं कळेल. बादलीचंच. बाकीची नावं मी उगाच घेतोय. बायको तिथं माझ्यासमोर मरत होती, आणि मी म्हणालो, "घरीच जेवलो. नेहमीचंच."

"बाहेरचं काही? मासे वगैरे?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. अर्धांगाचा झटका असावा असं त्या नर्सला म्हणाल्या, डोक्याचा फोटो काढायला सांगितला, आणि खाट ढकलत नेली. मी बाकावर बसलो. भिंतीवरचं घड्याळ चालत होतं. दहा मिनिटं. पंधरा. खाट परत आणली तेव्हा बायकोचे ओठ निळसर पडले होते. फोटोत काही सापडलं नव्हतं. मी उठलो, बोलायला तोंड उघडलं आणि पुन्हा बसलो. याची लाज मला मरेपर्यंत पुरेल.

तेवढ्यात दारातून वहिनी आल्या. एप्रन तसाच, केसांना राख, हातात झाकणाचा डबा. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ डॉक्टरीणबाईंपुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि सगळ्या दालनाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या. "हिनं शिंपले खाल्लेत. सव्वा वाजता, माझ्या हातचे. आणखी तिघांच्या ओठांना मुंग्या आल्यात. मला दोन वर्षं वास येत नाही, चव कळत नाही, तरी मी लोकांना खायला घालते. माझ्याकडे परवाना नाही. ही कवचं."

डॉक्टरीणबाईंनी डबा हिसकावून घेतला, आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचं वर्णन मला करायचं नाही. त्या ओरडल्या, आणि सगळं दालन धावायला लागलं. श्वासाचं यंत्र आलं, नळी आली. मधेच त्यांनी विचारलं, "कवचं दोन तऱ्हेची दिसतायत. हे मोठे कुठले?"

वहिनी माझ्याकडे वळल्या. तेव्हा कुठं मी बोललो. पलीकडच्या खडकांतले, सकाळी मीच आणले, टबात मीच मिसळले. वहिनींनी दोन्ही हातांनी खाटेचा दांडा धरला. बराच वेळ तो सोडला नाही.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. श्वास यंत्रावर आहे, विष उतरायला दोन-तीन दिवस लागतात, तोवर यंत्र तिला तगवेल असं म्हणाल्या. अजून थोडा उशीर झाला असता तर, असं म्हणून वाक्य अर्धंच सोडलं. मग त्यांनी समजावून सांगितलं की या विषाला ना वास असतो ना चव, शिजवलं तरी ते जात नाही. जगातल्या कुठल्याही नाकाला ते कळलं नसतं.

मी बुडत्यासारखा ते वाक्य धरून वहिनींकडे गेलो. "ऐकलंत? तुमचं नाक असतं तरी कळलं नसतं. तुमचा दोष नाही, वहिनी. कुणाचाच नाही."

त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. "मी विचारलं होतं तुम्हाला, भाऊजी," त्या म्हणाल्या.

त्यानंतर तीन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, पण तिथून हलल्याही नाहीत. चौकशीला माणसं आली, त्यांना सगळं आपल्याच तोंडानं सांगितलं. ओठांना मुंग्या आलेल्या तिघांच्या वाट्याला मोठे एक-दोनच गेले होते, ते बचावले. तळघराला टाळं लागलं. आता चूल कायमची सुटली हे त्यांना कळत होतं, तरी त्यातलं एक अक्षर त्यांनी लपवलं नाही. माझी बादलीसुद्धा मीच सांगावी म्हणून माझ्याकडे बघत गप्प राहिल्या, आणि मला सांगावी लागली.

पहिल्या रात्रीनंतर डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "नुसते बसू नका, बोला त्यांच्याशी. हालचाल नाही म्हणजे शुद्ध नाही असं नव्हे. या विषात माणूस शेवटपर्यंत जागा असतो. त्यांना पहिल्यापासून सगळं ऐकू येतंय."

"पहिल्यापासून?"

"आल्यापासून," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

मी परत जाऊन खाटेजवळ बसलो. बायकोचे डोळे अर्धे मिटलेले. तिच्याशी बोलायला माझ्याजवळ एकही शब्द नव्हता. वहिनी मात्र बोलत होत्या. दुकानातल्या कपड्यांचं, शेजारणीच्या मांजराचं, काहीबाही, थांबत नव्हत्या. आवाज बसला तरी बोलत होत्या.

चौथ्या दिवशी नळी काढली. पाचव्या दिवशी दुपारी दवाखान्यातलं पातळ सूप आलं. वाटी मी घेतली. चमचा भरला, फुंकर घातली, तिच्या ओठांशी नेला. तिनं ओठ उघडले नाहीत. मला वाटलं, अजून जमत नसेल. "थोडंच," मी म्हणालो, "अगं, साधंच आहे."

तिनं माझ्याकडे पाहिलं. आवाज खरखरीत होता, एकेक शब्द वेगळा येत होता. "नेहमीचंच ना?" ती म्हणाली.

चमचा मागे घेताना सूप चादरीवर सांडलं. तिनं मान वळवून पलीकडे बसलेल्या वहिनींकडे बघितलं. "जाऊबाई," ती म्हणाली, "तुम्ही द्या."

वहिनींनी उठून माझ्या हातातून वाटी घेतली. वाफ त्यांच्या तोंडावर येत होती, पण त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. त्यांनी चमचा पुढे केला, आणि माझ्या बायकोनं लगेच तोंड उघडलं.